दार गप्प, डग्गा सुरू

गाडीतलं गाणं मनासारखं वाजत नसलं की आपण महागडे स्पीकर शोधायला लागतो. मी म्हणेन, आधी दाराच्या पत्र्यावर बोटाने टकटक करा. पत्रा रिकाम्या डब्यासारखा वाजला, तर पैसे आधी दारावर घाला.

आमच्याकडे हा विषय आजोबांमुळे निघाला. ते सौंसरच्या भजनी मंडळात तबला वाजवायचे. ते गेले, मागे एक कॅसेट उरली. ती मी मोबाईलवर उतरवून घेतली. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, आणि बाबांच्या पांढुर्ण्याला चकरा वाढल्या. वाटेत ते हीच भजनं लावतात. पण गाडीत टाळ-पेटी ऐकू यायची, डग्गा नाही. आवाज वाढवला की दारच खडखडायचं. "बाबाचा हातच ऐकू येत नाही," म्हणत ते बंद करून टाकायचे.

कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो, त्याच वेळी मागची ओढतो. म्हणजे मागचा आवाज पुढच्याच्या नेमका उलट. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. त्यांतून मागचा आवाज बाहेर येऊन पुढच्याला भिडतो आणि खर्ज मरतो. त्यात बाहेरचा पातळ पत्राही थरथरतो.

दिवाळीच्या सुट्टीत अंगणातच पुढची दोन्ही दारं उघडली. आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, पत्रा स्पिरिटने पुसला. बाहेरच्या पत्र्याला आतून ॲल्युमिनियमची पन्नी असलेल्या ब्यूटाइल रबरच्या शीट रोलरने दाबून बसवल्या. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मधला मोकळा भाग धरला तरी थरथर बरीच कमी होते. डांबराची शीट स्वस्त मिळते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात ती मऊ पडते, वासही मारते. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद केली, कव्हरच्या क्लिपांखाली फोमच्या पट्ट्या लावल्या.

दोन गोष्टी सांभाळा. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, म्हणून खालची निचऱ्याची छिद्रं उघडीच ठेवा, नाहीतर दार गंजेल. आणि काच वरखाली होण्याच्या वाटेत, वायरींवर किंवा सेन्सरवर काही चिकटवू नका.

स्पीकर कंपनीचेच आहेत. पांढुर्ण्याच्या पुढच्याच चकरेत बाबांनी आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आता येऊन राह्यला बाबाचा हात." मग मांडीवर ठेका धरला. मला आजोबांचा तबला फारसा आठवत नाही. तो मी खऱ्या अर्थाने त्या दिवशी ऐकला.

तुमच्याही कपाटात अशी कॅसेट पडली असेल. टेप खराब व्हायच्या आत ती उतरवून घ्या. दाराचं काम पुढच्या सुट्टीत केलं तरी चालेल.