धाब्याच्या घरात पाहुणे

सारंगखेड्याची यात्रा आली की आमच्या शहादा तालुक्यात रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, गुजरातपासून व्यापारी घोडे घेऊन येतात, आणि घोडे पाहायला येणाऱ्यांची तर मोजदादच नाही. अलीकडच्या वर्षांत 'चेतक फेस्टिव्हल' या नावानं तिथं राहण्याचे तंबूही लागले, पण ते सगळ्यांच्याच खिशाला झेपणारे नसतात. चार वर्षांपूर्वी माझा भाचा कल्याणहून मित्रांबरोबर ही यात्रा पाहायला आला होता. दुसऱ्या दिवशी नंदुरबारला माझ्याकडे आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "आत्या, लोक गाडीत झोपलेत आणि आपल्या घराला कुलूप आहे. असं का?"

आमचं घर सारंगखेड्यापासून दोन-अडीच कोसांवर. गावाचं नाव इथं देत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं वाटेल. अण्णा, म्हणजे माझे वडील, भुसावळला रेल्वेत होते. त्यांनी पगारातून पैसा पैसा साठवून १९६२-६३च्या सुमारास हे घर बांधलं. खान्देशात असतं तसं धाब्याचं घर. दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या कड्या, त्यावर फळ्या नि काड्या आणि त्यावर मातीचं धाबं. पुढं ओटा, मागं न्हाणी. मे महिन्यात नंदुरबारला पंखासुद्धा गरम वारा फेकतो, तेव्हा या घरात पाय टाकला की बरं वाटतं. अण्णा गेले, आई गेली, आम्ही भावंडं नोकरीनिमित्त पांगलो. पावसाळ्यात धाबं गळायचं. दादाचं म्हणणं, विकून टाकू. पण आमच्या वस्तीतलं घर घेणार कोण? जे एक-दोन गिऱ्हाईक आले त्यांनी घराचा भाव केलाच नाही, नुसत्या सागाच्या कड्यांचा केला.

मी शाळामास्तरीण. निवृत्तीनंतर हात रिकामे होते. भाच्याचं बोलणं डोक्यात बसलं. दोन खोल्या नीट करू, पाहुण्यांना ठेवू, दादरची भाकर नि ठेचा वाढू, अशी मनात मांडणी करून मी फुईकडे गेले. फुई म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. ऐंशी ओलांडलेली, पण आवाज असा की चार घरं पलीकडे ऐकू जावा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुना आजाले कोनी वटावर बसू दिधं नही. आते तू लोकेसले घरमा झोपाडशी?"

ज्यांना अहिराणी कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुझ्या आजोबाला कुणी ओट्यावर बसू दिलं नाही, आता तू लोकांना घरात झोपवणार? मी म्हटलं, फुई, जमाना बदलला. त्यावर ती जे बोलली त्यानं माझे आठ दिवस झोपेचे गेले. ती म्हणाली, पाव्हण्यांची सरबराई तुझ्या आजोबानं जन्मभर केली, तीच परत सुरू करतेस का?

वाचकहो, तिचं बोलणं खोटं नव्हतं. आबांकडे गावची येसकरकी होती. मामलेदार, फौजदार, मोजणीवाले असं कुणी गावात मुक्कामाला आलं की चावडी झाडायची, सरपण आणायचं, साहेबाच्या घोड्याला गवत टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं. फुईनं लहानपणी गवताचे भारे स्वतः वाहिले आहेत. त्याचा मोबदला म्हणजे बलुतं आणि दारोदार मागून आणलेली भाकर. हे जोखड मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. ते पुढं मागं घ्यावं लागलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी, आणि तोवर बाबासाहेब राहिले नव्हते. म्हणजे आमच्या घराण्यात पाहुणचाराचा अनुभव कमी नव्हता. फक्त त्या पाहुणचारात आमची मर्जी कुणी विचारली नव्हती.

त्या आठ दिवसांत मी बाबासाहेबांच्या प्रवासाच्या आठवणी पुन्हा वाचल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं त्या प्रसिद्ध आहेत. १९१७चा बडोद्याचा प्रसंग आपल्याला पाठ असतो. परदेशातून शिकून आलेला माणूस, नोकरी हाताशी, आणि राहायला जागा नाही. पारशाच्या मुसाफिरखान्यात पारशी नाव सांगून राहावं लागलं, तिथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. शेवटी कामाठी बागेत जाऊन बसायची वेळ आली. पण या वेळी माझं मन अडकलं ते चाळीसगावच्या प्रसंगात. तो आपल्या खान्देशातला.

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडून परतताना चाळीसगावला उतरले होते. तिथल्या महार मंडळींनी स्टेशनवर गाठून आग्रह केला की एक रात्र आमच्याकडे राहा. बाबासाहेबांना थेट मुंबईला जायचं होतं, पण मन मोडवेना म्हणून ते थांबले. आता एवढ्या मोठ्या पाहुण्याला वस्तीपर्यंत पायी कसं न्यायचं? टांगा ठरवला, तर टांगेवाला हाकायला तयार नाही. शेवटी त्यानं टांगा दिला आणि आपल्यातल्याच एकानं लगाम हातात घेतला. त्याला हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

हा प्रसंग अस्पृश्यतेचा म्हणून आपण सांगतो आणि तो आहेच. मला मात्र त्यात ते यजमान दिसू लागले. घरात काय असेल नसेल, पण पाहुणा पायी येता कामा नये एवढं त्यांना कळत होतं. आपल्या वस्तीतल्या माणसांना पाहुणचार येत नव्हता असं कोण म्हणेल?

धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर ३१ जुलैला आपली माणसं जमतात. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले असता बाबासाहेब तिथं मुक्कामाला होते. अण्णा आम्हा भावंडांना एकदा तिथं घेऊन गेले होते. मुक्कामाची जागा ही काय चीज असते ते आपल्या समाजाला जेवढं कळतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुणाला कळत असेल. एक अमेरिकेतले काळे लोक सोडले तर. तिथं व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या न्यूयॉर्ककडच्या एका काळ्या टपालवाल्यानं १९३६ साली एक पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावात कुठं जेवायला मिळेल, कुठं झोपायला मिळेल, याची यादी. 'ग्रीन बुक' म्हणत तिला. ती जवळपास तीस वर्षं निघत राहिली. गोऱ्यांची हॉटेलं दारात उभं करत नसत, म्हणून त्या यादीत साध्या घरांचे पत्ते असत. काळ्या कुटुंबांनी, बरेचदा बायकांनी, आपल्या राहत्या घरातली खोली प्रवाशाला भाड्यानं दिलेली. ती घरं चालवणाऱ्या बायका बिगार करत नव्हत्या.

मी फुईला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, पैसे किती घेत? मला आकडा माहीत नव्हता. पण त्या प्रश्नानं आमचं भांडण मिटलं. ठरलं असं की ओट्यावर दर लिहिलेली पाटी लावायची. माणशी ९०० रुपये, दोन वेळचं जेवण आणि चहा-नाश्ता धरून. घासाघीस नाही. ही पाटी फुईची अट.

कागदपत्रांचं रामायण थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ भगिनींना त्याचा उपयोग होईल. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा असतो. आमच्या उताऱ्यावर अजून अण्णांचंच नाव होतं. वारसनोंदीला चकरा झाल्या. २०२०पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या वस्तीतल्या लोकांनी त्यात आपलं नाव बरोबर लागलं आहे ना हे स्वतः जाऊन पाहावं, दुसऱ्यावर सोडू नये. २०२३ सालच्या राज्याच्या 'आई' पर्यटन धोरणात महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठराविक मर्यादेत परत मिळतं. मी कर्ज घेतलं नाही, फंडाचे पैसे घातले. भीती वाटली, एवढंच.

खरी कटकट पुढं झाली, ती 'संस्कृती'वरून. भाच्यानं ओळखीतला एक सजावट करणारा मुलगा आणला. मुलगा चांगला, कष्टाळू. पण त्यानं काढलेल्या चित्रात दारात तुळशीवृंदावन होतं, ओसरीवर पगड्या टांगलेल्या होत्या आणि घराचं नाव होतं अमुक वाडा. मी म्हटलं, बाळा, हे पाटलाचं घर झालं. पाटलाचा वाडा गावात आहे, ज्याला पाहायचा त्यानं तो पाहावा. मग भिंतींवर वारली चित्रं काढू म्हणाला. वारली चित्रं डहाणू-पालघरकडची. आमच्या तापीकाठी ती कशाला? तिसरी कल्पना अशी की संध्याकाळी अंगणात आदिवासी मुलामुलींचा नाच ठेवायचा. हे मी ऐकूनच घेतलं नाही. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यात काठीची होळी होते. पहाटे ती पेटेपर्यंत हजारो माणसं रात्रभर ढोलावर नाचतात, बुध्या आणि बावा आपलं व्रत पाळून येतात. ती त्यांची होळी आहे. कुणाला पाहायची असेल तर त्यांच्या गावात, त्यांच्या दिवशी, त्यांचा पाहुणा म्हणून जावं. जेवणानंतरची करमणूक म्हणून कुणाला बोलावून नाचवायचं, तर मग आबांनी साहेबाच्या घोड्याला टाकलेलं गवत आम्ही विसरलो असंच म्हणावं लागेल.

मग आमचं म्हणून घरात काय ठेवायचं? जे होतं तेच ठेवलं. आईचं जातं. अण्णांची रेल्वेतली पत्र्याची पेटी. आबांची येसकराची काठी, तिच्याखाली चार ओळींत ती काय होती ते लिहिलेलं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, अण्णांनी लावल्या तिथंच. दादा फोनवर म्हणाला, तसबिरी आतल्या खोलीत घे, गिऱ्हाईक बिचकेल. दादाचा राग आला नाही. त्यानं कल्याणला भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगून किती दारं पाहिली ते मला ठाऊक आहे. पण तसबिरी हलवल्या नाहीत.

पहिल्याच वर्षी यात्रेच्या आधी एका गृहस्थाचा फोन आला. पाच जणांची जागा ठरली. मग त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. गाव विचारलं, ते सांगितलं. जरा थांबून त्यांनी विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?" मी म्हटलं, मी आणि माझी वहिनी. संध्याकाळी कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप आला. फुईला मी सांगितलं नाही, पण तिला कळलंच. ती म्हणाली, "पाटीवर दर लिखेल शे ना? मंग." आणि बिबडे वाळत घालायला निघून गेली.

त्याच जागेवर दोन दिवसांनी पुण्याचे चौघे आले. घोड्यांचे फोटो काढणारे. त्यांतल्या एकानं आल्या आल्या तसबिरींना हात जोडले, बाकीच्यांनी काही विचारलं नाही. रात्री दादरची भाकर, वांग्याचं भरीत, कळण्याची एकेक भाकर चवीपुरती, नंदुरबारच्या मिरचीचा ठेचा आणि धडगावकडचं आमचूर घातलेली आमटी केली. ठेचा पाहून त्यांचे डोळे पाणावले, तरी दुसऱ्यांदा मागितला. जेवणानंतर एकानं काठीखालचा मजकूर वाचला आणि फुईला विचारलं, आजी, हे खरं का? फुई दोन तास बोलत होती. मला वाटलं रडेल, पण ती हसून हसून सांगत होती, कुठल्या फौजदाराचा घोडा लाथा मारायचा आणि कुठला नाही. पाहुणेच गप्प झाले.

सगळेच असे नसतात. एकानं सकाळी विचारलं की तुम्हाला सवलती असताना हा धंदा कशाला. एका बाईंना खाटेवर झोप लागली नाही आणि त्यांनी तसं वहीत लिहिलं. त्यांचं खरं होतं, आता गाद्या बदलल्या आहेत. यात्रेचे दिवस सोडले तर तोरणमाळला किंवा प्रकाशाला जाणारं एखादं कुटुंब येतं, बाकी आठवडे रिकामे जातात. घातलेले पैसे अजून पूर्ण निघालेले नाहीत. वहिनीला मात्र दर पाहुण्यामागं ठरलेले पैसे त्याच दिवशी हातात मिळतात, यात आजवर चूक झालेली नाही.

सध्या चिंता धाब्याची आहे. दर दोन-तीन वर्षांनी त्यावर नवी माती टाकून चोपावी लागते. हे काम जाणणारा आमच्या गावात एकच म्हातारा उरला आहे, आणि त्याचा मुलगा सुरतेला मिलमध्ये आहे. मृगाआधी म्हाताऱ्यानं यायचं कबूल केलं आहे. फुईनं त्याला निरोप धाडला आहे की मजुरी सांगून ठेव, पाटीवर लिहून ठेवते.