अकरावं दार

थेंब तोंडात पडतात आणि पडद्यावर काहीच घडत नाही. मूल तोंड वेडंवाकडं करतं, कधी रडतं, आई पदरानं त्याचे ओठ पुसते, डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण होते आणि डोस पाजणारी बाई पुढच्या घराकडे वळते. डोसच्या आधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम शेजारी शेजारी लावा. त्या मुलात कणभरही बदल दिसणार नाही. पोलिओवरच्या माहितीपटाचं संकलन करणाऱ्याची सगळी अडचण इथे आहे, आणि इतकी वर्षं टाइमलाइनवर बसूनही ती मला पुरती सुटलेली नाही.

बिहारमधल्या कोसी नदीच्या पात्रात 2009 आणि 2010 मध्ये चित्रित केलेला आमचा माहितीपट आता नव्यानं, आटोपशीर करायचा आहे. तेव्हाच्या डीव्ही टेप हार्ड डिस्कवर उतरवून झाल्या आहेत. मधल्या काळात माझे कान उतरले. वरच्या पट्टीतले आवाज आता मला ऐकू येत नाहीत. म्हणून की-बोर्डवर माझी सहायक बसते आणि मी तिच्या मागे खुर्ची ओढून. ती मला ताई म्हणते, पण काम करताना माझा मुलाहिजा ठेवत नाही, आणि हे मला आवडतं.

तिनं केलेली पहिली जुळणी बघितली तेव्हा मी बराच वेळ बोलले नाही. आजकालच्या पद्धतीप्रमाणे तिनं सगळ्या रशेसचा, म्हणजे कच्च्या चित्रणाचा, मजकूर सॉफ्टवेअरकडून उतरवून घेतला होता आणि तो वाचून, वाक्यं निवडून, चित्रपट रचला होता. डॉक्टर नेमकं बोलतात, मौलवीसाहेब नेमकं बोलतात, संध्याकाळच्या बैठकीत सुपरवायझर आवाज चढवतो तेही नेमकं आलं होतं. फक्त दोन दारांमधलं चालणं कुठेच नव्हतं. मी विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "ताई, त्यात कुणी बोलतच नाही ना. मजकुरात ते येणार कसं?"

तेव्हापासून मी या एकाच गोष्टीभोवती फिरते आहे.

आधी दारांबद्दल. घरोघर फिरणारी टोळी प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूनं खूण करते: सगळ्या मुलांना डोस मिळाला तर पी, एखादं मूल राहिलं तर एक्स. ज्या घरावर एक्स, तिथे परत जायचं. मूल आजोळी असेल, आईबरोबर शेतात असेल, झोपलं असेल, तर पुन्हा जायचं. कोसीच्या पट्ट्यात तर हे घर वाळूच्या बेटावर, नदीनं गेल्या पावसात जागा बदललेल्या वस्तीत असायचं. होडी, मग चालणं, मग पुन्हा होडी, आणि खांद्यावरच्या वॅक्सिन कॅरियरमधला बर्फ टिकायला हवा. एवढं करून हाती काय, तर दोन थेंब. आणि पुढच्या फेरीला त्याच मुलाच्या तोंडात पुन्हा तेच दोन थेंब.

हे पुन्हा पुन्हा का, हे कळलं नाही तर चित्रपट कळत नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रिगुणी लशीच्या एका मात्रेची पहिल्या प्रकारच्या विषाणूविरुद्धची परिणामकारकता उत्तर प्रदेशात 9 टक्क्यांच्या आसपास भरली होती. उर्वरित देशात 21. दाट वस्ती, सततचे जुलाब, आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले दुसरे विषाणू, या सगळ्यांत लस रुजायला जागा मिळत नव्हती. बिहारमध्येही हीच कारणं होती. शिवाय लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एखाद्यालाच लकवा येतो. म्हणजे एकही मूल लंगडत नाही अशी वस्तीसुद्धा विषाणूनं भरलेली असू शकते. तिथे सातव्यांदा, आठव्यांदा डोस पाजणं हाच उपचार होता. तोच संकलनाच्या टेबलावर आला की सगळे म्हणतात, हे एकदा दाखवलंय, पुन्हा कशाला?

फेब्रुवारी 2009 मध्ये छोट्या माहितीपटांच्या ऑस्करसाठी उत्तर प्रदेशात घडणारे दोन चित्रपट एकाच वेळी नामांकित होते. आयरीन टेलर ब्रॉडस्की यांचा 'द फायनल इंच', पोलिओ कार्यकर्त्यांवरचा. आणि मेगन मायलन यांचा 'स्माईल पिंकी', दुभंगलेल्या ओठाच्या एका मुलीच्या शस्त्रक्रियेचा. दोन्ही चाळीस मिनिटांच्या आतले. पारितोषिक 'स्माईल पिंकी'ला मिळालं. तो चित्रपट सुंदर आहे, त्यातल्या बापलेकीकडे बघताना माझेही डोळे भरून आले. पण त्या निकालाकडे मी संकलक म्हणूनच बघत होते. तिथे आधीचा चेहरा आहे आणि नंतरचा चेहरा आहे. मधे एक कट मारला की प्रेक्षकाला जे कळायचं ते कळतं. आमच्याकडे नंतरचा चेहराच नाही. ज्या मुलाला पोलिओ झाला नाही, ते कुठलं, हे कुणालाच, त्याच्या आईलाही, कधी कळणार नाही. कॅमेरा त्याच्यापर्यंत पोचणार कसा?

अशा चित्रपटांचे संकलक मग दोन वाटा धरतात. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिली वाट म्हणजे वेग. दार, थेंब, खडू, दार, थेंब, खडू, शॉट छोटे छोटे होत जातात, खाली तबला किंवा गिटार, वरून ड्रोन, आणि शेवटी हसणारी मुलं कॅमेऱ्याकडे धावत येतात. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून निघणाऱ्या तीन मिनिटांच्या फिल्मांनी ही सवय इतकी मुरवली आहे की संकलन शिकायला येणारी मुलं हाच मोंटाज समजतात. माझा आक्षेप चवीचा नाही. शॉटचा वेग वाढवला की काम सोपं दिसू लागतं. जी बाई उन्हात पाय ओढत चालली आहे ती उडत चालल्यासारखी वाटते. तिच्या श्रमाचा असा अपमान दुसरा नाही.

दुसरी वाट बंद दाराची. नकार देणारा बाप, बुरख्याआडून बोलणारी आई, दारात जमलेली गर्दी. यात संघर्ष असतो, म्हणून प्रत्येक निर्मात्याला तो हवा असतो. पश्चिम उत्तर प्रदेशात डोसनं मुलं वांझ होतात ही अफवा खरोखर पसरली होती, आणि ती खोडायला अलीगढ आणि जामिया या विद्यापीठांतले शिक्षक, इमाम आणि मोहल्ल्यातल्याच बायका पुढे आल्या, हेही खरं. पण आमच्या रशेसमधली एक्सची घरं मी एकेक करून बघितली आहेत. बहुतेकांत भांडण नाही, नकार नाही. मूल घरी नाही, एवढंच. ही रिकामी घरं टाकून द्यायची आणि एक रागावलेला माणूस चित्रपटाच्या मध्यावर बसवायचा, म्हणजे एका अख्ख्या समाजावर ठपका ठेवायचा. या मुद्द्यावर मी निर्मात्यांशी भांडले आहे, पुढेही भांडेन.

माझी वाट तिसरी होती, आणि तिच्याबद्दल मला आजही गर्व आहे. मूळ चित्रपटात मी सलग अकरा दारं ठेवली. पहिलं दार पूर्ण: हाक, कडी, मूल, थेंब, नख, खडू. दुसरं जरा आखूड. तिसऱ्याला नुसते हात. पाचव्यापर्यंत प्रेक्षकाला वाटतं, कळलं. सहाव्याला तो कंटाळतो, सातव्याला चुळबुळतो. आठव्याला मात्र त्याची नजर थेंबावरून सुटते आणि तो त्या बाईच्या चपला बघू लागतो, अंगठा तुटलेल्या आणि दोरीनं बांधलेल्या. त्या चपला पहिल्या दारापासून फ्रेममध्ये असतात, पण आठवं दार आल्याशिवाय त्या कुणाला दिसत नाहीत. नववं दार रिकामं, एक्स. दहाव्याकडे जाण्याऐवजी ती मागे वळून नववं परत गाठते. आणि अकरावं पुन्हा पूर्ण, पहिल्याइतकंच लांब, एकाही फ्रेमनं कमी नाही. कीर्तनात ध्रुपद फिरून येतं तेव्हा शब्द तेच असतात, ऐकणारा तो राहिलेला नसतो. मला अकराव्या दाराला तो न राहिलेला प्रेक्षक हवा होता.

संकलन दिसता कामा नये, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. मला मात्र ते दिसावं असं वाटत होतं. मुंबईतल्या खेळाला मी मागच्या रांगेत बसून पडदा न बघता डोकी बघत होते. सातव्या दाराला दोघं उठून गेले. त्यांच्या पाठी बघताना मला वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगली, कारण बाकीचे बसून राहिले होते आणि त्यांना बसवून ठेवणारी मी होते. त्या बाईचं श्रेय मी त्या घटकेला स्वतःकडे घेतलं. हा हावरेपणा माझ्यात आहे. तो नसता तर अकरा दारांसाठी मी कुणाशी भांडलेही नसते, असंही मला वाटतं.

या चित्रपटात दुसरी एक जागा आहे, जिथे काहीच न घडणं पडद्यावर नीट उतरलं. परळला हाफकिनच्या आवारात तेव्हा एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर त्याच्या शौचाचे दोन नमुने, किमान 24 तासांच्या अंतरानं आणि लकवा आल्यापासून 14 दिवसांच्या आत, बर्फात घालून अशा प्रयोगशाळांकडे जातात. मुंबईच्या सांडपाण्यातही 2001 पासून हा विषाणू शोधला जातो; उत्तरेकडून पोटासाठी येणाऱ्या माणसांबरोबर तो इथे पोचायचा. प्रयोगशाळेत नमुना फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींवर सोडतात. विषाणू असेल तर पेशी गोल होतात, सुटतात, मरतात. नसेल तर त्या होत्या तशाच राहतात. तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकात बघते, वहीत लिहिते, दुसरा फ्लास्क घेते. सूक्ष्मदर्शकातला तो पेशींचा थर मी खूप वेळ ठेवला. काही हलत नाही, काही बदलत नाही, आणि बातमी चांगली आहे. प्रेक्षकाला तोवर एवढं शिकवलेलं असतं की तो त्या स्थिर चित्राकडे जीव मुठीत धरून बघतो.

या शोधाचा एक नियम दिग्दर्शकानं मला समजावला तेव्हा मी हरखून गेले. पोलिओ नसलेला लकवासुद्धा एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक सापडलाच पाहिजे. इतर कारणांनी तो येतच असतो. तेवढा सापडला नाही तर तुमचे डोळे उघडे नाहीत असं धरतात. म्हणजे 'पोलिओ नाही' हे वाक्य म्हणायचा हक्क मिळवायला आधी शेकडो लुळे पाय शोधून, तपासून बाजूला ठेवावे लागतात. आमच्या कामातही न वापरलेले रशेस बघितल्याशिवाय वापरलेल्या शॉटबद्दल बोलायचा हक्क मिळत नाही. मजकूर वाचून चित्रपट रचणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. त्यांनी उरलेलं बघितलेलंच नसतं.

आकडे सगळ्यांना माहीत आहेत. 2009 मध्ये देशात 741 रुग्ण, 2010 मध्ये 42, 2011 मध्ये एक. तो एक म्हणजे हावड्यातली एक लहान मुलगी, तारीख 13 जानेवारी. बिहारमधला शेवटचा रुग्ण त्याआधी, सप्टेंबर 2010 मधला. जानेवारी 2010 मध्ये आलेल्या द्विगुणी लशीचा त्यात मोठा वाटा. मग तीन वर्षं काहीच न सापडल्यावर 27 मार्च 2014 रोजी प्रमाणपत्र मिळालं. नव्या आवृत्तीचा शेवट त्या समारंभावर व्हावा असा आग्रह आहे. फुलं, टाळ्या, व्यासपीठ. मी तो शॉट टाइमलाइनवर लावूनही बघितला. तिथे व्यासपीठावर सगळे आहेत, तुटक्या चपलांची बाई नाही. तो मी काढला, आणि परत लावू देणार नाही.

राहिली अकरा दारं. नव्या लांबीत ती बसत नाहीत, हे मलाही दिसतं. सहायकेनं बरेच दिवस माझ्यापुढे काही ठेवलं नाही. मग एके दुपारी म्हणाली, "ताई, सातवं, आठवं, नववं मी आवाजावर नेलंय. चित्र बाईच्या पाठीवर ठेवलंय, ती नुसती चालते. दारं फक्त ऐकू येतात. कडी, मूल, आणि खडू." टेपवर खडूचा आवाज इतका स्वच्छ आहे, असं तिचं म्हणणं. मातीच्या भिंतीवर वेगळा, विटेवर वेगळा, पत्र्यावर वेगळा. पी काढताना दोन ओढी, एक्स काढतानाही दोनच, पण त्यांची लय निराळी, असं ती सांगते. मला यातलं काही ऐकू येत नाही. मला पाठ दिसते आणि खालच्या पट्टीवर आवाजाच्या रेषेत उठलेले छोटे काटे दिसतात. तेवढे बघून कटाला हो म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

तिच्या कटात वेळ वाचतो, चालणं उरतं, दारंही उरतात. चपलांचं काय, म्हणून मी विचारलं. त्या पाठीच्या शॉटमध्ये खाली दिसतात, मी बघितल्या. आठव्या दाराला प्रेक्षकाची नजर त्यांच्यावर जाईल का, हे मला कानांशिवाय ठरवता येत नाही. तरुण कानांची चार माणसं बोलावून, मागे बसून, पुन्हा त्यांची डोकी बघावी लागतील.

तोवर सातवं, आठवं, नववं तिच्याकडे दिलं आहे. अकराव्या दाराला हात लावायचा नाही, हे मी तिला बजावलंय.