फटफटीवरून वाईस

जुन्या मोटारसायकली बाहेर काढावयाच्या, सूर्योदयास निघावयाचें आणि दिवस मावळण्याच्या आंत घरीं परतावयाचें, अशी एक चाल गेल्या कांहीं वर्षांत पुण्यांत बरीच रूढ झाली आहे. पुष्कळ गृहस्थांस ती रिकामटेकड्यांची हौस वाटते. आमच्या घरच्या मंडळींचें मतही फारसें निराळें नव्हतें. परंतु जिला आमच्या लहानपणीं सारे लोक फटफटी म्हणत, तिच्यावर बसून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर रस्ता तोडणें म्हणजे काय, हें मोटारींत कांच वर करून बसलेल्या प्रवाशास कळावयाचें नाहीं. म्हणून गेल्या मार्गशीर्षांतील एका रविवारीं आम्हीं भोरमार्गें वाईस केलेल्या सहलीचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही सहल दिवसाचीच कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण दिव्यांत आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांची वीज सहा व्होल्टची. तिच्या बळावर पुढील दिवा जो उजेड पाडतो, तो देवघरांतील समईस शोभावा. महामार्गावर त्याचा उपयोग आपण कोठें आहों हें दुसऱ्यास दाखविण्यापुरताच. तेव्हां अंधार पडण्यापूर्वीं घर गांठावें, हा या मंडळींचा पहिला नियम. दुसरा नियम असा कीं, सर्वांत मंद गाडी सर्वांच्या पुढें आणि सर्वांत जाणता मनुष्य सर्वांच्या मागें. मागील मनुष्याजवळ प्लग, क्लचची वायर, ट्यूब, पंप आणि पाने यांची पिशवी असते. विलायतेंतही असे नेम आहेत. १९१५ पूर्वींच्या मोटारसायकलींची लंडनजवळून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जी वार्षिक फेरी निघते, ती १९३० सालीं सुरू झाली. तेथील गाड्यांपुढें आमच्या गाड्या म्हणजे कालचीं पोरें होत.

आमची गाडी जावा. हें नांव ऐकून पुष्कळांस तें द्वीप आठवतें, पण त्याचा संबंध नाहीं. फ्रान्टिशेक यानेचेक या झेक कारखानदारानें १९२९ सालीं वांडरर नांवाच्या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचा हक्क घेतला आणि दोन्ही नांवांचीं पहिलीं अक्षरें जोडून हा शब्द घडविला. संस्कृतज्ञ वाचकांनीं यास प्रत्याहार म्हणण्यास हरकत नाहीं. आपल्याकडे १९६१ सालीं म्हैसूर येथें रुस्तुम आणि फरोख इराणी यांच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली. पुढें तेथील गाड्यांस येझ्दी हें नांव मिळालें. तें इराणांतील यझ्द शहरावरून. १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. जावा या नांवाच्या नव्या गाड्या २०१८ पासून पुनः निघूं लागल्या आहेत खऱ्या, पण त्या कळ दाबतांच सुरू होतात. जुनीस लाथ लागते.

त्या लाथेचीही एक मौज आहे. जुन्या जावास गिअरचा दांडा निराळा आणि किकचा निराळा असा भेद नाहीं. एकच दांडा फिरवून उभा केला कीं ती किक, आणि गाडी सुरू झाल्यावर पुढें पाडला कीं तोच गिअर. उंबऱ्यावरील दिवा आंतबाहेर दोहींकडे उजेड पाडतो, त्या देहलीदीपन्यायाचें उदाहरण म्हणून आम्ही वर्गांत या दांड्याचा उल्लेख करीत असूं, आणि मुलांस तो न्याय दिव्यापेक्षां दांड्यानेंच लवकर समजे.

ही गाडी आमच्या तीर्थरूपांनीं १९६८ सालीं घेतली. गर्द तांबडा रंग, टांकीवर सोनेरी रेघा. त्यांच्यामागें चाळीस वर्षें ती आम्हीं चालविली. शाळेंत याच गाडीवरून गेलों, बहिणींचीं लग्नें याच गाडीवरून धांवपळ करून उरकलीं, आणि तीर्थरूपांचें शेवटचें औषधही हिच्यावरूनच आणलें. आतां आमचा उजवा गुडघा झिजला असून डॉक्टरांनीं लाथ मारण्याची सक्त मनाई केली आहे. इकडे आमचा जुना वाडा पाडून तेथें सहा मजल्यांची इमारत उभी राहिली, आणि आमच्या एकत्र कुटुंबाच्या वांट्यास दुचाकीसाठीं चुन्याचे पट्टे ओढलेली एकच जागा आली. तेथें धाकट्या बंधूंची स्कूटर उभी राहते. जावा जिन्याखालीं उभी केली, तर इमारतीच्या समितीची चिठ्ठी येते. एका बाहेरगांवच्या गृहस्थांनीं गाडीस चांगली किंमत देऊं केली होती आणि ते दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे सोमवारीं, पैसे घेऊन येणार होते. बंधूंचें म्हणणें व्यवहाराचें होतें: जी गाडी घरांत कोणी चालवीत नाहीं, ती ठेवून काय करावयाचें?

यावर त्यांचीच कन्या म्हणाली, "बाबा, मी चालवते ना!" ही आमची पुतणी चोवीस वर्षांची, नोकरी करणारी. परवाना होता, पण सवय आजकालच्या गाड्यांची. महिनाभर रोज सकाळीं ती मैदानावर सराव करीत होती. बंधु एवढेंच म्हणाले, "मांढरदेवीचा घाट चढवून आण. मग बोलूं." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, त्यांनीं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आमच्या मंडळींनीं आम्हांस बजावलें कीं, मागें बसा आणि तोंड मिटून बसा. त्याप्रमाणें आम्ही मागील आसनावर बसून निघालों.

कात्रजच्या अलीकडे सहा वाजतां अकरा गाड्या जमल्या. जावा-येझ्दी मिळून सहा, तीन बुलेट आणि दोन राजदूत. जुन्या बुलेटीचा गिअर उजव्या पायास आणि मागील ब्रेक डाव्या पायास. त्यामुळें जावावरून बुलेटीवर जाणारा नवशिका थांबावयाच्या जागीं गिअर दाबतो आणि भलतीच आफत ओढवून घेतो. जमलेल्यांत दोघे-तिघे महाविद्यालयीन तरुण होते, ज्यांनीं पेट्रोलचा कॉक म्हणजे काय हें त्याच आठवड्यांत प्रथम पाहिलें होतें. आणि सर्वांच्या मागें राहणारे होते आमचे मिस्त्री. वय बहात्तर. पन्नास वर्षें याच गाड्या उघडण्यांत गेलीं. गाडी दिसण्यापूर्वीं आवाजावरून ते तिचें दुखणें सांगतात. आमच्या पाहण्यांतील कित्येक वैद्यांस नाडीवरून एवढें सांगतां येत नसे.

कात्रजच्या घाटाचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. नानासाहेब पेशव्यांनीं जेथून पुण्यास पाणी आणिलें, त्या तलावाभोंवतीं आतां शहरच आहे. जुन्या बोगद्यांतून पलीकडे उतरलों, खेड-शिवापूर मागें टाकिलें आणि कापूरव्होळास उजवीकडे भोरच्या रस्त्यास लागलों, तेव्हां कोठें आवाज ऐकूं येऊं लागले. दोन धावांच्या यंत्राचा आवाज चुलीवर फुटणाऱ्या लाह्यांसारखा असतो, बुलेटीचा मृदंगावरील थापेसारखा. सकाळची थंडी, कापणी झालेलीं भातखाचरें, त्यांतून येणारा पेंढ्याचा वास, आणि त्यांत आमच्या तेलाच्या धुराचा वास. हा धूर चांगला नव्हे, हें आम्ही जाणतों. रोज लक्षावधि अशा गाड्या धांवूं लागल्या, तर श्वास घेणें कठीण होईल. महिन्यांतून एक रविवार, यापलीकडे त्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं.

भोर हें पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजवाडा बाहेरूनच पाहिला, कारण एका तरुणाची गाडी नीरेच्या पुलापाशीं गप्प झाली होती. या गाड्यांस पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें, लिटरास सुमारें चाळीस मिलिलिटर. त्या गृहस्थानें, यंत्रास अधिक पौष्टिक व्हावें या सद्भावनेनें, दुप्पट घातलें होतें. मिस्त्रींनीं प्लग काढला. तो लोणच्यांतील फोडीसारखा माखला होता. तो पुसला, टांकींत साधें पेट्रोल भरून प्रमाण सुधारलें आणि गाडी बोलूं लागली. तोंवर आमच्या पुतणीनें सर्वांस चहा पाजला. तिचें लक्ष मात्र दक्षिणेकडील डोंगरावर होतें, हें आम्हांस दिसत होतें.

आंबवडें सोडल्यावर रोहिडा किल्ला दिसूं लागतो आणि पुढें घाट लागतो. वळणें आंखूड, चढ खडा. पहिलीं वळणें तिनें उत्तम घेतलीं. एका उलट्या वळणावर समोरून एस.टी. आली, तिला थांबावें लागलें, आणि गाडी दुसऱ्याच गिअरांत असल्यामुळें बंद पडली. आम्ही खालीं उतरलों. तिनें किक मारली; दहा वेळां मारली. कपाळावर घाम आला. सांगून टाकावें असें फार वाटलें, पण सकाळची आज्ञा स्मरली. इतक्यांत मागून मिस्त्री आले. त्यांनीं आपली गाडी उभी केली, तिच्या गाडीस हात लावला नाहीं. ते नुसतें म्हणाले, "पोरी, तिला पेट्रोल जास्त झालंय. काय करशील?" तिनें क्षणभर विचार केला, कॉक बंद केला, मूठ पूर्ण पिळून धरली आणि सावकाश चार-पांच किका मारल्या. पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला आणि यंत्र सुरू झालें. मग कॉक उघडून, पहिला गिअर टाकून ती एकटीच पुढें गेली. आम्हांस मिस्त्रींनीं आपल्या मागें घेतलें. वर पोंचेपर्यंत आमच्या दृष्टीसमोर ती तांबडी गाडी वळणावळणानें दिसे आणि लपे. तीर्थरूपांस पाठमोरें जातांना आम्ही दारांतून असेच पाहत असूं.

मांढरदेव येथें काळूबाईचें दर्शन घेतलें. २५ जानेवारी २००५ च्या यात्रेंतील चेंगराचेंगरींत येथें सुमारें तीनशें माणसें दगावलीं. त्या पायऱ्या चढतांना तें आठवल्यावांचून राहत नाहीं. कड्यावरून उत्तरेस नीरेचें खोरें आणि दक्षिणेस कृष्णेचें. या डोंगराच्या दोन उतारांवर पडलेलें पाणी दोन वाटांनीं जातें. नीरा भीमेस मिळते, भीमा शेवटीं रायचूरकडे कृष्णेस मिळते, आणि एका डोंगरावरून दुरावलेलें पाणी शेंकडों मैलांवर पुनः एकत्र होतें. भूगोलाचा हा धडा आम्हीं नकाशावर पुष्कळदां शिकविला होता. डोळ्यांनीं पाहण्यास निवृत्त व्हावें लागलें.

उतार चढापेक्षां कठीण, हें नवशिक्यांस पटत नाहीं. मूठ मिटून गाडी उतारावर सोडली कीं पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे त्यांतील तेलही बंद. यंत्र कोरडें फिरूं लागतें. शिवाय जुने ड्रमचे ब्रेक सतत दाबून धरले तर तापून बोथट होतात. म्हणून खालच्या गिअरांत, मधून मधून मूठ किंचित् उघडीत उतरावें. पांडवगड बाजूस ठेवून आम्ही तसेच वाईस उतरलों.

वाई आम्हांस तीर्थक्षेत्रासारखी, आणि ती केवळ कृष्णेच्या घाटांमुळें नव्हे. गणपतराव रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधिलेल्या ढोल्या गणपतीपुढें मस्तक नमविलें. परंतु जेथें केवलानंद सरस्वतींनीं प्राज्ञपाठशाळा चालविली, आणि ज्या गांवीं बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें संपादन केलें, त्या गांवाची माती संस्कृतच्या मास्तरानें कपाळीं लावावी हें युक्तच. तरुण मंडळींस याचें विशेष वाटलें नाहीं. त्यांस मेणवलीचें अधिक. नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाट चित्रपटांतून त्यांच्या परिचयाचा होता. तेथें लहानशा देवळींत टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईविजयानंतर तिकडील चर्चमधून आली. तिच्यावर १७०७ हा आंकडा आणि बालयेशूसह मरियेची आकृति आहे. घाटाच्या पायरीवर दशम्या सोडल्या. मिस्त्रींनीं पुतणीस दोन अधिक वाढल्या, आणि बोलले कांहीं नाहींत.

परततांना सुरूरवरून महामार्ग धरला. खंबाटकीच्या बोगद्यांत शेजारून मालमोटारी सुसाट जात होत्या. साठाच्या वेगानें डाव्या कडेनें जाणाऱ्या आमच्या माळेस कोणी मान देत नव्हतें. खेड-शिवापुरास चहा घेतांना पुतणीनें विचारलें, "काका, हिची जुन्या गाड्यांच्या खास यादींत नोंद करायची का?" २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूप राखलेल्या गाडीस तशी नोंद मिळते, तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. पण मग ती प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठींच रस्त्यावर आणतां येते. रोजच्या कामास नाहीं. आम्हीं सांगितलें, "मंडईंत जाऊन भाजी आणतां येणार नाहीं." ती म्हणाली, "मग नको." आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें आणि तें हवेंतील पाणी शोषतें, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टांकी रिकामी करून ठेवावी, असें मिस्त्रींनीं तिला बजावलें. ती उभी राहणारच नाहीं, असें तिनें उत्तर दिलें.

सव्वापांचास दारीं पोंचलों. बंधु गच्चीवरून पाहत होते. ते खालीं आले, यंत्रास हात लावून पाहिला, चटका बसला तसा काढून घेतला. "घाटांत बंद पडली का?" त्यांनीं विचारलें. "पडली," पुतणी म्हणाली, "आणि सुरू केली." बंधूंनीं खिशांतून किल्ली काढली, आपली स्कूटर चुन्याच्या पट्ट्यांतून बाहेर ढकलली आणि फाटकाच्या बाहेर झाडाखालीं नेऊन लावली. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं त्या गृहस्थांस फोन केला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "दादा, स्कूटर कोणाला हवी असेल तर विचारून ठेवा."