गाडीची आलोचना



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण घरातलाच आहे. गेल्या आठवड्यात स्थानकात प्रवचन संपल्यावर दोघी-तिघींनी मला मोबाइल दाखवला. मेसेज एकाच धर्तीचे होते. तुमच्या गाडीत सॉफ्टवेअरची दुरुस्ती करायची आहे, सर्व्हिस सेंटरला गाडी आणा, पैसे लागणार नाहीत. एकीने विचारलं, "हा फसवणुकीचा मेसेज तर नाही ना?" दुसरी म्हणाली, "आमची गाडी तर मस्त चालते. कशाला उगाच एक दिवस घालवायचा?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आमच्या गाडीलाही दोन वर्षांपूर्वी असाच निरोप आला होता. ह्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन करून खात्री केली आणि शनिवारी आम्ही गाडी घेऊन गेलो. सासूबाईही बरोबर होत्या. तिथल्या मुलाने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, लॅपटॉप उघडला आणि पाऊण तासात गाडी परत दिली. ना बोनेट उघडलं, ना पाना लावला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, पण बिघडलं काय होतं? दाखव तरी!" त्याला दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

सासूबाईंना मी घरी येऊन जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. समजा, आपल्या महिला मंडळाने पाककृतींची वही छापली आणि मेथीच्या खाखऱ्याला दोन चमचे मोहन लिहायच्या जागी दोन वाट्या छापलं गेलं. आता ज्या ज्या घरी ती वही बघून खाखरा होईल, तिथे तो बिघडणारच. हात कुणाचा चुकला नाही, तवा खराब नाही, वहीच चुकली. हल्लीच्या गाडीत ब्रेक, एअरबॅग, इंजिन, समोरचे आकडे दाखवणारा पडदा, सगळ्यांमागे अशा लेखी सूचना असतात. त्यांनाच सॉफ्टवेअर म्हणायचं. सूचना चुकली की ती वापरणाऱ्या सगळ्या गाड्यांत तीच चूक बसते. दुरुस्ती म्हणजे वहीतली ओळ सुधारणं. आणि खाखरा करायला घेईपर्यंत चूक कळत नाही, तसंच एअरबॅगचं आहे. ती रोज उघडत नाही. तिची परीक्षा थेट अपघाताच्या क्षणी होते. म्हणून "गाडी मस्त चालते" हे काही उत्तर होत नाही.

अशी उदाहरणं आपल्या देशातही आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये किआ कंपनीने कॅरेन्सच्या ४४,१७४ गाड्या एअरबॅग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. २०२३ मध्ये त्याच मॉडेलच्या ३०,२९७ गाड्यांना पुन्हा बोलावणं गेलं, कारण गाडी सुरू होताना समोरचा पडदा कोरा राहण्याची शक्यता होती. दोन्ही वेळा दुरुस्ती मोफत होती. जगात पाहिलं तर २०१० मध्ये टोयोटाने प्रियससारख्या चार लाखांहून अधिक हायब्रिड गाड्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरसाठी परत घेतल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेकची पकड क्षणभर ढिली पडल्यासारखी वाटायची. एवढ्या मोठ्या, नावाजलेल्या कंपनीच्या हातूनही चूक होते.

आपल्यासाठी मात्र खरा मुद्दा पुढे आहे. चूक झाल्यावर काय करायचं?

आपण रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसतो तेव्हा, "माझ्याकडून चूक झालीच नाही," असं कुणी म्हणत नाही. व्रतांचे अतिचार एकेक करून आठवतो, जे लागले असतील त्यांची आलोचना करतो. गुरूसमोर दोष जसाच्या तसा सांगायचा, झाकून ठेवायचा नाही. झाकलेला दोष म्हणजे शल्य, आत रुतलेला काटा. वरून कातडी बरी दिसते आणि आत तो सडत राहतो.

मला नवल वाटलं ते हे, की आपला कायदाही याच वाटेने जातो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ११० अ हे कलम आलं. गाड्या परत बोलावण्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात. कंपनीने आपणहून दोष कळवला आणि गाड्या परत बोलावल्या, तर तिला दंड नाही. सरकारला हुकूम काढून त्या परत बोलवायला लावाव्या लागल्या, तर १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे आपणहून केलेली आलोचना वेगळी आणि पकडले गेल्यावर दिलेली कबुली वेगळी. हा फरक आपल्या लहान मुलांनाही कळतो.

न सांगता झाकून ठेवलेल्या दोषाचं उदाहरण हवं असेल तर फोक्सवॅगनचं घ्या. या समूहाचे कारखाने आपल्या शेजारीच आहेत, एक चाकणला आणि दुसरा संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केलं की तिथल्या त्यांच्या डिझेल गाड्यांतल्या सॉफ्टवेअरला आपली चाचणी चालू आहे हे ओळखता येतं. चाचणीपुरता धूर स्वच्छ राहायचा. रस्त्यावर आली की तीच गाडी नायट्रोजन ऑक्साइड नावाचा विषारी वायू मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडायची. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने चाचण्या केल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. भारतातले नियम आपण मोडलेले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे महिन्यात न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

आपली बहुतेक घरं व्यापाऱ्यांची. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटं वजन-माप येतं, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तपासनीस आला की खरं माप काढायचं आणि तो गेला की दुसरं, असं दुकान आपण कुणी चालवू देणार नाही. परीक्षेपुरतं खरं बोलणारं सॉफ्टवेअर यापेक्षा वेगळं काय आहे? खाखऱ्याच्या वहीतली चूक अजाणता झालेली असते. ही चूक मात्र जाणूनबुजून लिहिलेली होती. म्हणून जी कंपनी आपणहून "आमचं चुकलं, गाडी आणा" म्हणते, तिला नावं ठेवायच्या आधी थोडा विचार करावा असं मला वाटतं.

अशा तपासणीचं एक केंद्र आपल्याच गावात आहे. वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. तिच्या आवारात रणगाडे आणि लष्करी गाड्या तपासल्या जातात एवढंच आपल्याला माहीत असतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीचा अधिकार असलेल्या ज्या संस्था आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या व्हीआरडीईचंही नाव आहे.

आता आपल्या वाटणीचं काम. कंपनीने आलोचना केली, पण आपण गाडी नेलीच नाही, तर दोष आपल्या दारात तसाच उभा राहतो. त्या ११० अ कलमात कुणाकुणाला इजा होऊ शकते ते सांगितलं आहे. पर्यावरण, चालक, गाडीत बसलेले आणि रस्त्यावरचे इतर लोक. हे शेवटचे शब्द वाचून माझ्या डोळ्यांसमोर आपल्या साध्वीजी आल्या. नगर-पुणे रस्त्यावर, नगर-मनमाड रस्त्यावर पहाटेच्या अंधुक उजेडात अनवाणी विहार करणाऱ्या. त्यांच्याकडे ना हेल्मेट, ना एअरबॅग. त्यांचा सगळा भरवसा मागून येणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर आणि तिच्या चालकावर. चालता-फिरताना जे जीव दुखावले असतील त्यांच्यासाठी आपण इरियावहियं म्हणतो. मुंगीसाठी क्षमा मागणाऱ्या आपण, मग गाडीच्या ब्रेकबद्दल आलेला निरोप "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हणून बाजूला कसा ठेवणार? जयणा पाणी गाळण्यापुरती नाही. चाकामागे बसल्यावरही ती पाळायची आहे.

तर करायचं एवढंच:

मेसेजमधल्या लिंकवर बोट लावू नका. आरसीवर सतरा अंकी-अक्षरी चॅसी नंबर असतो. तो घेऊन आपल्या नेहमीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि या गाडीचं काही बोलावणं आहे का, ते विचारा. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवरही हा नंबर टाकून पाहता येतं.

अशा दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. कुणी ओटीपी किंवा आगाऊ रक्कम मागितली तर तो निरोप खोटा समजा.

गाडी जुनी घेतली असेल, तर कंपनीकडे अजून आधीच्या मालकाचाच नंबर असेल आणि निरोप त्याच्याकडे जात असेल. आपला नंबर नोंदवून घ्या. सासर-माहेरात दिलेल्या-घेतलेल्या गाड्यांचंही हेच होतं.

काम झाल्यावर काय बदललं ते जॉब कार्डवर लिहून घ्या आणि कागद आरसीबरोबर ठेवा.

गाडी कंपनीने सांगेपर्यंत गप्पही बसू नका. ब्रेक, स्टिअरिंग किंवा समोरच्या दिव्यांचं काही विचित्र वाटलं तर तारीख, वेळ, रस्ता लिहून लेखी तक्रार द्या. एकाच दोषाच्या तक्रारी ठराविक प्रमाणात आल्या की सरकार चौकशी करू शकतं. "ह्यांना सांगितलंय, ते बघतील" एवढ्यावर सोडू नका. मुलांना शाळेत आणि सासूबाईंना दर्शनाला आपणच तर नेतो.

पर्युषण जवळ आलं आहे. दर्शनाला, क्षमापनेला गावोगावी जाणं होईल. निघण्यापूर्वी आरसी काढून तो एक फोन करून टाका, आणि काय निघालं ते मला खाली जरूर कळवा.

जय जिनेंद्र.