तोवर विश्वास आम्ही धरतो

नगर

चि. बाळ,



परवा रात्री फोनवर तू जे बोललीस, त्याला फोनवर उत्तर देणं मला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. एका बैठकीत वाचून झालं नाही तर ठेवून दे, उद्या वाच.

बायबल उघडलं तरी ओळ पुढे सरकत नाही आणि प्रार्थनेला डोळे मिटले की आत काहीच नसतं, असं तू म्हणालीस. मग हळू आवाजात सांगितलंस, की घरगुती प्रार्थनासभेत एक बाई म्हणाल्या, "तुझा विश्वास कमी पडतोय. गोळ्या सोड आणि प्रभूवर टाक."

बाकीचं सगळं नंतर. आधी हे ऐक: गोळ्या सोडू नकोस. नैराश्यावरच्या या औषधांचा गुण यायला दोन-चार आठवडे तरी जातात, कधी जास्तही लागतात. बरं वाटायला लागल्यावर मनानंच बंद केल्या तर आजार उलटायची भीती असते. कमी कधी करायच्या, बंद कधी करायच्या, ते डॉक्टरांनी ठरवायचं. गोळीनं त्रास होत असेल तर तेही डॉक्टरांनाच सांग, त्यांच्याकडे दुसरे उपाय असतात. आणि गोळी घेताना आपण प्रभूचं काही चोरतोय असं मनात आणू नकोस. पौलाच्या सोबतीला लूक होता, तो वैद्य होता, आणि पौलानं पत्रात त्याचा उल्लेख किती मायेनं केलाय!

स्टॅन्ली जोन्स यांचं नाव तू मंडळीत ऐकलं असशील. हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी 1907 साली आपल्या देशात आले. पहिल्या काही वर्षांतच ते इतके खचले, की पुन्हा पुन्हा कोसळायचे. विश्रांतीसाठी मायदेशी जाऊन आले, तरी परतल्यावर तेच. पुढे लखनौच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना आपल्याला नवं बळ मिळालं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे आणि ही साक्ष ते जन्मभर देत राहिले. त्याच माणसानं त्याच लखनौमध्ये 1950 साली 'नूर मंझिल' हे मानसोपचार केंद्र उभं केलं. प्रार्थनेत बळ मिळालेल्या माणसाला इतरांसाठी मानसोपचाराचे डॉक्टर आणावेसे वाटले. एकाच देवाच्या दोन्ही देणग्या आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. यापुढे कुणी तुला गोळ्या सोडायला सांगितल्या तर वाद घालू नकोस, एवढी एक गोष्ट सांग.

आता तुझा खरा प्रश्न. "मावशी, विश्वासच उरला नाही तर मी ख्रिस्ती कशी?"

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला तो पक्षाघाती माणूस आठव. कफर्णहूमच्या त्या घरात दाराशीही उभं राहायला जागा नव्हती. चौघांनी त्याला बाजेसकट वर नेलं, छप्पर उकललं आणि येशूसमोर खाली सोडलं. शब्बाथ शाळेत तू या गोष्टीचं चित्र रंगवलं होतंस, तेव्हा तुझं सगळं लक्ष छपराच्या भोकाकडे होतं. आता त्या बाजेवरच्या माणसाकडे बघ. त्या गोष्टीत तो एक शब्दही बोलत नाही. बरं कर म्हणत नाही, माझा विश्वास आहे असंही म्हणत नाही. त्याला तिथे यायचं होतं की नाही, हेही मार्क सांगत नाही. येशूनं विश्वास पाहिला तो बाज उचलणाऱ्यांचा, असं शुभवर्तमान सांगतं. आणि तेवढ्यावरून तो त्या गप्प पडलेल्या माणसाशी बोलला, त्याला मुला म्हणून हाक मारली.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे, बाळ. विश्वास ही एकट्याची कमाई असती तर आपल्याला मंडळीची गरजच काय होती? घरात बसून ज्यानं त्यानं आपापला सांभाळला असता. तुझ्याच्यानं होत नाही तेव्हा तुझ्या वाटणीचा विश्वास आम्ही धरायचा असतो. बाजेवर पडून राहण्याची तुला लाज वाटायचं कारण नाही.

मला हा आजार झाला तेव्हा तू शाळेत होतीस. "मावशीला बरं नाही," एवढंच तुझ्या आईनं तुला सांगितलं होतं. सकाळी डोळे उघडले की दिवस अंगावर यायचा. दात घासायला उठायचं म्हटलं तरी मनाची तयारी करावी लागायची. कुणी उपदेश केला की तो माझ्या गुन्ह्यांच्या यादीत जमा व्हायचा. त्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई संध्याकाळी यायच्या. माझ्या पलंगाशी खाली बसून पदरात मेथीची जुडी घ्यायच्या आणि निवडायच्या. पानं एका बाजूला, काड्या वर्तमानपत्रावर. कशी आहेस, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. भाजी निवडून झाली की एक स्तोत्र वाचायच्या, लहानशी प्रार्थना करायच्या, स्वतःच आमेन म्हणायच्या आणि उठायच्या. माझ्या तोंडून आमेन यावं म्हणून त्या थांबल्या नाहीत. एकदा मी म्हणाले, मला यातलं काहीच खरं वाटत नाही. त्या म्हणाल्या, "नको वाटू दे. सध्या मला वाटतंय, तेवढं पुरे." मी डॉक्टरांच्या औषधानं सावरले आणि त्या बाईंच्या प्रार्थनेनंही सावरले. कशानं किती, याची फोड मला करता येत नाही आणि करावीशीही वाटत नाही.

त्या जी स्तोत्रं वाचायच्या त्यांत अठ्ठ्याऐंशीवं होतं. तुला जमेल तेव्हा ते काढ. 150 स्तोत्रांत विलापाची पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटाकडे वळतात, रडणारा माणूस स्तुतीपर्यंत पोचतो. हे एक वळत नाही. हेमान नावाच्या माणसाच्या नावावर असलेलं हे स्तोत्र रात्रंदिवस देवाला हाका मारत निघतं आणि अंधारातच थांबतं. कुणी त्याला खाली आशेचं एखादं कडवं जोडलं नाही. उलट त्याच्या डोक्यावर लिहिलंय, की हे प्रमुख गवयासाठी आहे. म्हणजे एका माणसाचा अंधार सगळ्या मंडळीनं मिळून गायचा होता. त्या माणसाला मंदिराबाहेर काढलं नाही, त्याचं दुःखच उपासनेत घेतलं. तुझ्याकडे आज देवाला द्यायला तक्रारीशिवाय काही नसेल तर तक्रार दे. ती प्रार्थनाच आहे, पवित्र शास्त्रात तिला जागा आहे.

हे सांगताना मी तुला खोटा दिलासा देणार नाही. विश्वास धरला की आजार जातोच, असं नाही. विल्यम काउपर या इंग्रज कवीचं बघ. त्याची गीतं आजही जगभरच्या मंडळ्या गातात. 1773 मध्ये त्याचा आजार उलटला आणि देवानं आपल्याला टाकलं, अशी त्याची पक्की समजूत झाली. त्यानंतर 1800 साली मरेपर्यंत ती समजूत पूर्णपणे गेली नाही आणि तो उपासनेलाही जाईना. पण ओल्नी गावचा पाळक जॉन न्यूटन यानं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, तेही वर्षाहून जास्त काळ. मेरी अनविन या बाईनं वर्षानुवर्षं त्याची काळजी वाहिली. 1779 मध्ये न्यूटननं 'ओल्नी हिम्स' हा गीतसंग्रह छापला, तेव्हा काउपरची साठाहून अधिक गीतं त्यात घातली. काउपरला स्वतःला त्या गीतांतला दिलासा घेता येत नव्हता, पण न्यूटननं त्याला कधी देवानं टाकलेला मानलं नाही. देवही तसं मानत नव्हता, असा माझा विश्वास आहे. काउपरला काय वाटत होतं यावरून देवाचं मन ठरत नव्हतं. तुझ्या बाबतीतही ठरत नाही.

आता थोडं रोजचं. रविवारी उपासनेला जाववलं तर जा, उशिरा जा, शेवटच्या बाकावर बस, गाऊ नकोस, नुसती ऐक. नाही जाववलं तर नको जाऊस. उपास अजिबात करू नकोस. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूतानं आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं, होरेब डोंगरावरचं बोलणं नंतर झालं. दुपारी एकदा घराबाहेर पड, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत का होईना. मंडळीत सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. पाळकसाहेबांना आणि जिच्या पोटात गोष्ट राहते अशा एका मैत्रिणीला सांग.

आणि एक वचन मला दे. जगणंच नको असा विचार आला तर एकटी राहू नकोस. रात्रीचे तीन वाजले असले तरी मला फोन कर. मी उचलला नाही तर 14416 लाव. सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो विचार आजारातून येतो. तो आला म्हणून तुझ्या हातून पाप घडलं असं समजू नकोस आणि कुणापासून लपवूही नकोस.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी मी सोबत येते. तुझ्या आईशी बोलणं झालंय, तिलाही यायचंय. रोज रात्री आम्ही दोघी तुझं नाव घेऊन प्रार्थना करतो, आमेनसुद्धा आम्हीच म्हणतो. तू फक्त गोळी वेळेवर घे, दोन घास खा आणि झोप. पत्राचं उत्तर लिहायची घाई करू नकोस.

तुझी,
मावशी