आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि पाऊण तासात नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. आमच्या टीममध्ये नवा टेस्टर आला की ही हकिगत मी त्याला आधी सांगते. कारण त्या दिवशीचा नवा कोड बरोबर चालत होता.

तो आठपैकी सात सर्व्हरांवर चढला, आठव्यावर चढवायचा राहिला. दुसऱ्या कुणी पडताळून पाहायची पद्धतच नव्हती. आठव्यावर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. २००३ पासून वापर बंद, पण काढून टाकलेला नाही. नव्या कामासाठी घेतलेला फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) पूर्वी त्याचाच होता, त्यामुळे तो जागा झाला. किती शेअरची ऑर्डर पुरी झाली हे मोजणारा भाग २००५ मध्ये हलवला होता आणि त्यानंतर पॉवर पेग कुणी तपासला नव्हता. थांबायचं कधी हे त्याला कळेना. तो ऑर्डरी सोडतच राहिला. बाजार उघडण्याआधी सिस्टीमने त्याचं नाव असलेले ९७ ईमेल पाठवले होते, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे गोंधळ आवरताना टीमने उरलेल्या सात सर्व्हरांवरूनही नवा कोड काढला आणि तिथेही जुना सुरू झाला.

स्क्रीनवरची बटणं तपासून यातलं काय सापडलं असतं?

सॉफ्टवेअरवर लिहिणारे जेराल्ड वाइनबर्ग यांच्या मते गुणवत्ता म्हणजे कुणातरी माणसाच्या लेखी असलेलं मोल. आम्ही त्या माणसाला ग्राहक समजतो आणि तिथेच थांबतो. मला त्यात रात्री सर्व्हर सांभाळणारा दिसतो, आणि नऊ वर्षांनी तोच कोड उघडणारा प्रोग्रॅमरही. अजाइलमध्ये तर हा माणूस फार जवळ येतो. दर दोन आठवड्यांनी रिलीज करायचं तर आजचा कोड पुढच्या स्प्रिंटमध्ये बिनधास्त बदलता आला पाहिजे. २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्डला जमलेल्या सतरा जणांच्या अजाइल जाहीरनाम्याच्या तत्त्वांमध्ये तांत्रिक उत्कृष्टतेकडे सतत लक्ष ठेवणं आहे. रोजची स्टँड-अप सगळ्यांनी उचलली. हे तत्त्व मात्र फार थोड्यांनी, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून काम पुरं झालं हे ठरवणाऱ्या आमच्या ‘डन’च्या यादीसाठी मी भांडते. कोड दुसऱ्याने वाचलेला हवा, ऑटोमेटेड टेस्ट पास हव्यात, सगळ्या सर्व्हरांवर एकाच स्क्रिप्टने रिलीज व्हायला हवं, मागे फिरायची वाट आधी चालवून पाहिलेली हवी. यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो बंद पडलेले फ्लॅग आणि मेलेला कोड काढण्यावर, कारण त्यातून डेमोत दाखवायला काहीच मिळत नाही. प्रॉडक्ट ओनर विचारतात, “याने ग्राहकाला काय मिळणार?” प्रश्न रास्त आहे. मी त्यांना आठव्या सर्व्हरची गोष्ट सांगते आणि प्रत्येक स्प्रिंटमध्ये अशा साफसफाईच्या कामाची एक स्टोरी मागून घेते.