मोडीचे वळण

मोडीचा जुना कागद उलगडला, की दृष्टी प्रथम शिरोरेषेवर स्थिरावते. बाळबोधीत अक्षर आधी आणि रेघ मागाहून. मोडीत नेमके उलट. लेखनिक कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लोंबती सोडीत जाई. शब्द कोठे संपला याची खूण नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. हात शक्यतो उचलावा लागू नये, एवढ्यासाठी हा सारा त्याग! पण मोडीचा डौलही या घाईतूनच आलेला आहे. शाई कोठे विरळ झाली, बोरू पुन्हा कोठे बुडविला, हे ओळीवरून कळते. लिहिणाराचा श्वासच जणू कागदावर उमटतो.

परंपरा या लिपीचे जनकत्व तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री याजकडे देते. संशोधकांना ते सर्वस्वी मान्य नाही, आणि ते योग्यच होय. असली लिपी आज्ञेने जन्मत नाही. ती दफ्तरांत झिजून घडते. पेशवाईच्या काळात तिला जी सफाई आली, ती अशा अनेक अनामिक हातांची.

या प्रवाही लिपीला पहिला अडसर झाला तो छापखान्याचा. विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपूर येथे 1810 साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यात मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी छापले. परंतु खिळा म्हणजे सुटे अक्षर, आणि मोडीत अक्षर सुटे नसतेच. एकटा ‘र’ घेतला, तरी तो शेजाऱ्याप्रमाणे रूप पालटतो. पुढे छापील मराठीने बाळबोध स्वीकारली. मोडी कचेरीत, खातेवहीत आणि घरगुती पत्रांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली.

2014 साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला. संगणकाच्या टंकाला शेजार पाहून अक्षराचे रूप बदलता येते, ही खिळ्याला न साधलेली गोष्ट. आता लग्नपत्रिकेवर, घराच्या पाटीवर मोडी दिसते, सुंदरही दिसते. मात्र ही मोडी छायाचित्रासाठी सजून बसलेल्या माणसासारखी आहे. तिच्यावर डोळा तयार झालेला विद्यार्थी पुण्याच्या पेशवे दफ्तरातला रुमाल सोडतो आणि पहिल्याच ओळीत अडखळतो. तेथे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात. कोणता घ्यावा, हे टंक सांगत नाही, भाषेची जाण सांगते. ही जाण असलेले वाचक थोडे आणि रुमाल अपार. सुलेखनाच्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्यातून दफ्तरास वाचक मिळतील, ही आशा भाबडी आहे.

तंजावरचे कोडे आणखी वेगळे. तेथील भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद आजही आहेत. त्यांत तमिळ शब्द याच वळणात, याच एकेरी इकार-उकारांत बसविलेले असतात. मराठीचा जाणकारही तेथे थबकतो, आणि तमिळ जाणणारा कोणी शेजारी बसवून घेतल्यावाचून ओळ पुढे सरकत नाही.